बालगृहाची शिट्टी

शहाण्णवच्या श्रावणात आम्रपाली सांगलीच्या सरकारी बालगृहात अर्धवेळ ताई म्हणून लागली. आईबाप नसलेली, हरवलेली लहान लहान मुलं. सकाळी कपिल नावाच्या तिथल्या दादानं सांभाळायची, दुपारनंतर तिनं. पहिल्याच दिवशी हा बाबा दारात तिच्यावर धडकता धडकता राहिला... आणि गळ्यातली शिट्टी काढून त्यानं तिच्या हातावर ठेवली.

"ही वाजली की पोरं रांगेत. एवढं एकच शास्त्र हाय इथलं."

शिट्टी अजून गरम होती. परक्या माणसाच्या ओठांची ऊब ती! आम्रपाली सरळ नळावर गेली अन् खसाखसा धुऊ लागली.

"राख देऊ का, मॅडम?"

"असली तर द्या."

झालं, रोज तेच. तो द्यायचा, ती धुवायची. स्वयंपाकाच्या बयाबाई पदराआड हसायच्या, "आवं ताई, झिजंल की ती!"

पण शिट्टी देता देता बोलणं लांबायला लागलं. "आज कोण रडलं?" ती विचारायची. कुणाला ताप, कुणाचा गुडघा फुटला, तो सगळं सांगायचा. एकदा म्हणाला, "एकजण सकाळपास्नं फाटकाकडंच बघतोय. जेवलासुदिक न्हाई."

"कोण?"

"नाव सांगू नगा म्हणालाय..."

आणि हा आटपाडीचा गडी कानापर्यंत लाल! तिला कळलं हो, सगळं कळलं. तरी काहीच न कळल्यासारखं करून ती नळाकडे पळाली. त्या दिवशी शिट्टी धुवायला लय वेळ लागला.

ती बोलेना, म्हणून त्यानंही पुन्हा विषय काढला नाही. गणपती गेले आणि त्याला कोयनानगरला कायमची नोकरी लागली. शेवटच्या दिवशी शिट्टी देताना म्हणाला, "वाचला तुमचा धुण्याचा त्रास."

'जाऊ नका' म्हणायचं होतं, तोंडातून आलं, "डबा घेतला ना?" काय म्हणावं या मुलीला!

तो फाटकाकडे निघाला. पायरीवर मुलं बसून बघत होती. या फाटकातून जाणारी माणसं त्यांनी लय पाहिली होती. सहा वर्षांची साक्षी हळूच म्हणाली, "ताई, दादा बी आता यायचा न्हाई?"

आम्रपालीनं फाटकाकडे पाहिलं. हा गेला तर गेलाच, आणि आपणच घालवला! सवयीनं पाय नळाकडे वळले. तिनं नळ सोडला... आणि बंद केला. शिट्टी तशीच ओठांना लावली आणि जीव खाऊन फुंकली.

मुलं धडपडत रांगेत आली. फाटकाशी कपिल थबकला, वळला, बघतच राहिला. मग पिशवी टाकून आला आणि रांगेच्या शेवटी, साक्षीच्या मागे, हात सरळ ठेवून उभा राहिला.

"धुतली न्हाई?"

"नाही." ती म्हणाली. "जा कोयनेला. पण सुट्टी पडली की इथंच यायचं. पोरांकडे... आणि माझ्याकडे."

"मग आईला घिऊन आधी माधवनगरला येऊ? तुमच्या घरी?"

"आवं, व्हय म्हणा की!" बयाबाई चुलीपासून ओरडल्या.

आम्रपालीनं डोळे पुसले आणि मान हलवली. कपिल आणखी काही बोलणार, तेवढ्यात साक्षी मागे वळून त्याच्यावर डाफरली, "दादा, रांगेत बोलायचं न्हाई!"