ताणावरची बाग

डिसेंबरातल्या त्या सकाळी आमच्या संत्र्याच्या बागेत एक अनोळखी माणूस पाइप धरून उभा होता. हसत होता... फोटोसाठी.

"पाणी बंद करा," मी म्हणाले.

"काहून मॅडम? कंपनीकडून आहे. फुकट."

हा विपुल. चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या गावालगत दगडखाण आहे, तिथला नवा अधिकारी, अकोल्याचा. खाणीत साचणारं पाणी गावच्या बागांना द्यायचं, असा कंपनीचा ग्रामसभेशी करार. दर पंधरवड्याला, बारा महिने. केव्हा हवं, हे बागवाल्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"बाग ताणावर आहे," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणाले. अमरावतीच्या प्रयोगशाळेत माती तपासताना आवाज चढवायची सवय राहत नाही. "आत्ता पाणी तोडायचं असतं. झाड तहानलं, की पुढच्या पाण्यावर फुलतं. आज दिलंत तर नुसती पालवी. वर्षाचा बहार गेला."

"म्हणजे मी नुकसान करून राहिलो?"

"फोटो काढून करताय."

नशीब, दोनच ओळी भिजल्या होत्या. पुढच्या पंधरवड्याला तो पुन्हा हजर. वरून आदेश होता. मी व्हॉल्व्हसमोर उभी राहिले. तो पाइप गुंडाळून बांधावर बसला.

"तुमी रागावल्या तरी अहवाल वाचल्यासारख्याच बोलता," तो म्हणाला. "मले आवडते ते."

"मला नाही आवडत, तुम्ही हसता ते."

तो तरीही हसला... आणि मला उगाचच पाइपाकडे बघावं लागलं.

तिथून उठून तो कंपनीतल्या साहेबांशी भांडला. जानेवारीच्या ग्रामसभेत करार बदलला. पाणी गाव मागेल तेव्हा, व्हॉल्व्ह गावाच्या ताब्यात. माझे बाबा, खुशालराव, खुशीत सगळ्यांना चहा पाजत होते. विपुल मात्र तोंड पाडून उभा.

"काय झालं?"

"आता मले इथं यायचं कामच नाही उरलं."

इतका हुशार माणूस, आणि इतका...

"विपुल, कामाशिवाय येता येत नाही का तुले?"

तुले. बाहेर पडलंच.

तो हळूच म्हणाला, "येता येते. पण तुह्ये बाबा विचारतीन, काहून आला?"

"मग खरं सांग."

"काय खरं?"

मी कपाळाला हात लावला. "आता तेही मीच सांगू?"

तो बाबांकडे निघाला. चहा तिथेच विसरून.