पाणमहालातलं चूलबंद आवतन

लाईट गेली, टीव्ही बंद पडला, की तुम्हाला म्हातारा आठवतो. एरवी तांब्याभर पाणी मागितलं तरी कुणी ढुंगण हलवत नाही. सांगतो. पण मधेच "मग काय झालं" म्हणून विचारलं, की मी उठलो.

आपल्या पठारावरच्या चिमाजीची ही गोष्ट. त्याच्याच तोंडून ऐकलेली, आणि शेवटचं मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं.

साल दोन हजार तीन. मे महिना, सात तारीख, बुधवारची रात्र. दुसऱ्या दिवशी चिमाजीच्या बहिणीचं, इंद्रायणीचं, गोरज मुहूर्तावर लग्न. बाप नव्हता, सगळं चिमाजीच्याच अंगावर. आणि दुष्काळ असा, की पेठेकडच्या विहिरींत उतरून झोपलं तरी सदरा भिजला नसता. डिंभ्याचा कालवा बंद. टँकर मिळाला, पण तो भरायचा कुठं? घरात पाणी पिंपभर, आणि दुपारी चारशे माणसांचं वऱ्हाड जेवायला येणार. ते तहानलेलं माघारी फिरलं, तर अंगाला हळद लागलेली पोर घरातच राहायची.

चिमाजी टँकर घेऊन निघाला जुन्नरच्या रस्त्यानं, पाणमहालाकडं.

कुण्या जुन्या सरदारानं उन्हाळ्यात राहायला बांधलेला महाल तो. आंब्याची बाग, मधे हौद, हौदाभोवती दगडी बैठका. मोठी खोडसाळ बाग. पाहुणे ऐटीत बैठकीवर बसले, की दगडातल्या बारीक भोकांतून खालून पाण्याच्या चिळकांड्या उडायच्या. शेले भिजायचे, बायका किंचाळायच्या, सरदार पोट धरून हसायचा. आता कारंजी कोरडी ठाक. शाळेच्या सहली येतात, पोरं भोकांत बोटं घालतात आणि जातात. बागेतल्या विहिरीला तेवढं पाणी होतं. राखणदार कुंडलिकानं सांगून ठेवलं होतं, "बाराला लाईट येती. मोटर चालू कर आन भरून घे."

चिमाजी पोचला तेव्हा चांद बुडाला होता. फाटकात खाट होती, कुंडलिक नव्हता. त्यानं विहिरीवरचा पाइप टँकरच्या तोंडात सोडला, बटण दाबून ठेवलं आणि दगडी बैठकीवर टेकला.

बारा वाजले. लाईट नाही. एक वाजला. नाही.

चिमाजीला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात बैठकीखालून कुणीतरी बोललं.

"पावणं बसलं का?"

चिमाजीला वाटलं, कुंडलिक. म्हातारा खाली कुठंतरी मोटरीपाशी असणार.

"बसलोय की कवाचा! पाण्याचं बघा राव. उद्या बहिणीचं लगीन हाय."



खाली बूच निघाल्यासारखा आवाज झाला. पाइप ताठ झाला. टँकरमधे पाणी धो धो पडायला लागलं.

चिमाजीचा जीव भांड्यात पडला. आता लग्नघरचा माणूस तो. ज्यानं पाणी दिलं, त्याला आवतन दिल्याशिवाय निघेल कसा? खिशातल्या अक्षता काढून त्यानं बैठकीवर ठेवल्या आणि खाली वाकून म्हणाला, "चूलबंद आवतन हाय बरं का. उद्या घरात चूल पेटवायची न्हाई. म्हातारी-कोतारी, बायकापोरं, समद्यांनी यायचं. मागं कुणाला ठिवायचं न्हाई."



खाली कुणीतरी हसलं. बाई होती. मग एक पोर हसलं. मग आणखी... आणखी.

"येतो."

टँकर भरून फाटकात आला, तर कुंडलिक समोरून बॅटरी घेऊन येत होता.

"आरं, तू आलास कशाला? मोटर सांजच्यालाच जळाली. काढून नेलीया. तुला निरोप धाडला व्हता."

चिमाजीनं टँकरकडं बोट केलं. वरून पाणी सांडत होतं.

कुंडलिक खाटेवर बसला. बॅटरी विझवली.

"सरदाराच्या वक्ताला खाली कारंज्यांचं पाणी सोडणारा ऱ्हायचा. बायकापोरांसकट, तिथंच तळघरात. एका मेजवानीला हौद फुटला आन पाणी खाली शिरलं. वर पंगत चाललेली. कुणी उठलं न्हाई... तू त्यास्नी काय बोललास?"

"जेवाय बोलिवलं."

"चूलबंद?"

"व्हय."

"मग पयली पंगत त्यांची. त्यांच्या आधी कुणाला वाढू नगंस."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाढायला होतो. चिमाजीनं मला मांडवामागच्या खळ्यात नेलं, एक आख्खी ओळ पत्रावळी मांडायला लावली. भात, आमटी, बुंदी. पानापानाला पाण्याचा पेला. "वाढा, आन मागं बघू नगा," म्हणाला. मी वाढलं. बाहेर आलो.

तिकडं वऱ्हाड ताटकळलेलं. नवरदेवाचा चुलता गेणभाऊ, पटका बांधलेला, मिशीला पीळ. आला फणफणत.

"वऱ्हाड उपाशी आन रिकाम्या जाग्याला वाढताय व्हय रं? सोयरीक केलीया का थट्टा मांडलीया? आन ह्यो वाढपी! झोकून आलाय बगा!"

चारशे माणसांत बोलला.

चिमाजीनं टोपी काढून त्याच्या पायावर ठेवली. "पावणं, लगीन मोडू नका. पर ह्यांचं आवतन आधीचं हाय. ह्यांचं हुईस्तवर मला तुमाला वाढता येत न्हाई."

"कुणाचं? दाव की!"

गेणभाऊ खळ्यात शिरला. मागून आम्ही.

पाच मिनिटंही झाली नव्हती.

पानं पुसून स्वच्छ. शीत नाही. बुंदीचा दाणा नाही. कावळा नाही, कुत्रं नाही. ऊन रणरणतंय.

आणि पेले... काठोकाठ. एकानंही पाण्याला हात लावला नव्हता.

गेणभाऊ उभा राहिला. तोंड उघडलं. मिटलं. उपरण्यानं मान पुसली. मुकाट माघारी गेला, वऱ्हाडात बसला, खाली मान घालून जेवला. लग्न लागलं.

रात्री आहेराची लुगडी-चोळ्या उचलताना एक खण निघाला. हिरवा. असला काठ आता कुठल्या मागावर निघत नाही. कुणी दिला? मांडवात एकालाही सांगता येईना. ओला होता. इंद्रायणीनं उन्हात घातला. चुलीवर धरला. पाच वर्षं झाली. पेटीतून काढला, की अजून बोटांना पाणी लागतं.

खोटं वाटत असेल तर जा तिच्या सासरी, हात लावून बघा. ओट्यावर तिचा चुलतसासरा बसलेला असेल. खळ्यात त्याची वाचा बसली होती, हे मी बघितलंय. तरी गावभर सांगत फिरतो, वाढपी प्यायला होता म्हणून. मी थेंबालाही शिवलो नव्हतो. आजवर त्यानं माफी मागितलेली नाही. नाव ध्यानात ठेवा त्याचं. गेणभाऊ.