चष्मेवाल्यांचा पतंग

“माझ्या घरात खून पडताहेत,” पाहुणे खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाले, “आणि खुनी कोण ते मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त पुरावा द्या.”

मास्तरांच्या कपातला चहा बशीत सांडला. वकीलबाईंनी मात्र शांतपणे एक घोट घेतला.

बाईंनी वकिली सोडून खासगी तपास सुरू केला त्याला बराच काळ लोटला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. मास्तर हे त्यांचे यजमान, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. तपासाला ते बायकोबरोबर जायचे. स्वतःच्या मते मदतीला, बाईंच्या मते पिशवी धरायला.

“कोणाचे खून?” बाईंनी विचारलं.

“निऑनचे.”

“दिव्यांचे?” मास्तर म्हणाले.

“अहो मास्तर, निऑन म्हणजे मासे. बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळी रेघ असलेले.” बाई पाहुण्यांकडे वळल्या. “सविस्तर सांगा.”

पाहुण्यांनी काळा चष्मा सारखा केला. जन्मभर चष्म्यांचं दुकान चालवल्यामुळे सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. महिन्यापूर्वी त्यांच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता, दुसरा डोळा अजून धुरकटच होता.

“टाकी आमच्या हिची,” ते म्हणाले. “ती गेली, टाकी राहिली. त्यात एक एंजल मासा आहे, त्रिकोणी, लांब पंखांचा. हिनं त्याचं नाव पतंग ठेवलं. रुपयाएवढा होता तेव्हा आणला, आणि त्याच दिवशी निऑनही आणले. सगळे एकत्र वाढले. डझनभर निऑन होते हो! ऑपरेशननंतर मी आठवडाभर बहिणीकडे राहिलो. घरी परतल्यापासून ते एकेक करून नाहीसे होताहेत. मेलेला मासासुद्धा मिळत नाही. आता पाच उरलेत.”

“पतंगच खात असेल,” मास्तर म्हणाले.

“इतक्या वर्षांत त्यानं एकालाही तोंड लावलेलं नाही,” चष्मेवाले तडकले. “आणि तो बिचारा हल्ली सकाळचं खाणंही तोंडात घेत नाही. रुसलाय. साथीदार गेल्याचं दुःख माशालाही असतं.”

“संशय कोणावर?”

“सुनेवर. टाकी आहे त्या खोलीत तिला बाळाचा पाळणा ठेवायचाय. आज संध्याकाळी मुलगा दौऱ्यावरून परत येतोय. त्याला दारातच सांगणार आहे मी, या घरात तुझी बायको राहील नाहीतर मी.”

त्यांचा आवाज चढला होता, पण हनुवटी थरथरत होती. घर मोडायला निघालेल्या माणसाला घर मोडायचं नसतंच, असं मास्तरांना वाटून गेलं. पण बोलून दाखवायला वेळ नव्हता, बाई पिशवी शोधत होत्या.

टाकी बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून होती. तळाशी बारीक वाळू, मध्ये पाण्यात मुरलेलं लाकडाचं खोड, भोवती हिरवी पानं. काचेच्या झाकणाच्या एका कोपऱ्यात खाणं टाकायला भोक होतं, त्यातून जेमतेम दोन बोटं जातील एवढं. झाकणाच्या कडेवर कागदाची पट्टी डकवली होती आणि पट्टीवर चष्मेवाल्यांची सही होती.

“माझी युक्ती,” ते अभिमानानं म्हणाले. “झाकण उघडलं तर सही फाटणार. पण परवा पट्टी जशीच्या तशी, आणि सकाळी एक निऑन गायब! म्हणजे सूनबाई पट्टी सोलून पुन्हा डकवते. बघा कशी पोचलेली आहे.”

बाईंनी पट्टीवरून नख फिरवलं. कुठेच सुटलेली नव्हती. मग चष्मेवाल्यांनी काचेवर बोटानं टकटक केली. पाचही निऑन भोकाखाली धावत आले. पतंग मात्र दचकून खोडामागे गेला आणि तिथेच थांबला. त्याचं पोट चांगलंच गोल होतं.

“पूर्वी सगळ्यात आधी हाच यायचा,” चष्मेवाले म्हणाले. “पण दिसतो काय देखणा! मोतीबिंदू होता तेव्हा मला तो पिवळट दिसायचा. डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर पाहिला तर नुसती चांदी. अहो, भिंतीसुद्धा नव्या दिसायला लागल्या, तिथे माशाचं काय!”

बाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी टाकीखालच्या विजेच्या बोर्डाकडे हात नेला. शेजारीशेजारी दोन काळ्या पिना होत्या. एक टाकीच्या दिव्याची, दुसरी पाणी कोमट ठेवणाऱ्या हीटरची. दोन्ही वायरी काळ्या, एकसारख्या. हीटरच्या पिनेभोवती रबरबँडचे जाड वेढे होते.

“दिवा कोण लावतं, बंद करतं?”

“आधी मी. बटणावर माझा भरवसा नाही, मी पीनच उपसतो. ऑपरेशनला निघताना शेवटचं काम तेच केलं, वाकून दिव्याची पीन काढली आणि मगच उंबरा ओलांडला. परत आल्यापासून सूनबाई मला हात लावू देत नाही. म्हणे, डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय. टाकी ताब्यात घ्यायची ही सुरुवात, मला काय कळत नाही?”

कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं मास्तरांना कळलं. कुठे, ते कळेना.

चष्मेवाल्यांची बहीण स्वयंपाकघरात होती. भावाच्या तब्येतीला म्हणून आलेली ती अजून हललीच नव्हती. कोणी विचारायची खोटी, ती सुरू झाली.

“मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय हो! पहाटे ही बया मांजरीच्या पावलांनी टाकीपाशी येते. मूठ बंद. भोकातून काहीतरी आत टाकते, पाण्याकडे बघत उभी राहते, आणि दादा उठायच्या आत पसार. विष नाहीतर काय?”

“विष असतं तर सगळेच मेले असते, आणि तरंगले असते,” बाई म्हणाल्या. “दादांना ऑपरेशनला तुम्हीच नेलंत?”

“मग कोण नेणार? नवरा दौऱ्यावर आणि ही पहाटेच कामाला पळालेली. खाली गाडी उभी होती, मी दारातून हाका मारतेय आणि दादा टाकीखाली चाचपडतोय. उन्हानं खोली नुसती लखलखत होती, थंडी मात्र हाडं फोडणारी.”

सून आपल्या खोलीत कपाटापाशी उभी होती. ती टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायचं काम करत होती, आणि घरी आल्यावरही तिच्या वाट्याला दुसरं काही येत नसावं. सहावा महिना असेल. चेहरा ओढलेला.

“निऑन तुम्ही मारलेत?” बाईंनी सरळच विचारलं.

“नाही.”

“मग कोणी?”

ती पाठ वळवून कपाटातले कपडे काढू लागली. मास्तरांना खात्री पटली, हीच ती.

“पहाटे मुठीत काय असतं?”

“खाणं. माशांचंच.”

“सासरे ऑपरेशनला गेले, त्या दिवशी घरी कधी परतलात?”

“दुसऱ्या दिवशी पहाटे. दुहेरी पाळी होती. घरात शिरले तर गारठा मी म्हणत होता, आणि अंधारात टाकीचा दिवा तेवढा जळत…” ती एकदम थांबली. “मला कपडे आवरायचेत.”

“कशासाठी?”

“आज संध्याकाळी बाबा काय सांगणार आहेत ते मला माहीत आहे. आत्यांनी चारदा ऐकवलंय. माझ्यामुळे त्यांना घर सोडावं लागू नये.”

पलंगावर अर्धवट भरलेली बॅग होती. बाईंनी बॅगेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “संध्याकाळपर्यंत भरू नका,” एवढंच म्हणाल्या.

माशांचं दुकान कोपऱ्यावरच होतं. रांगेनं काचेच्या टाक्या, हवेच्या बुडबुड्यांचा आवाज, आणि गल्ल्यावर जाळी धुणारा दुकानदार.

“आमच्याकडे एंजल आहे,” बाई म्हणाल्या. “त्याच्यासोबत निऑन ठेवले तर चालतील का?”

“लहानपणापासून सोबत वाढलेत?”

“समजा, वाढलेत.”

“मग सहसा काही करत नाही. घरचे समजतो त्यांना.”

“आणि नसतील वाढले?”

दुकानदाराचे हात थांबले. “बाई, चष्मेवाल्यांच्या घरचं मला काही विचारू नका. मी शब्द दिलाय.”

“बरं,” बाई म्हणाल्या आणि हसत बाहेर पडल्या.

“मूग गिळून बसला तो!” रस्त्यावर मास्तर कुरकुरले. “एक अक्षर सांगितलं नाही.”

“त्यानं सगळं सांगितलं, मास्तर. चष्मेवाल्यांचं नाव आपल्यापैकी कोणी काढलं होतं?”

मास्तरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

संध्याकाळी सगळे टाकीसमोर बसले. चष्मेवाले ताठ, बहीण उत्सुक, सून दाराशी उभी. मुलगा कोणत्याही क्षणी येणार होता.

“पट्टीपासून सुरुवात करू,” बाई म्हणाल्या. “ती कोणी सोललेली नाही. झाकण उघडलंच गेलं नाही. भोकातून जाळी जात नाही. म्हणजे खुनी बाहेरून आलाच नाही. तो आतच आहे.”

“पतंग?” चष्मेवाले उसळले. “मी सांगितलं ना, तो त्यांच्यासोबत वाढलाय!”

“पतंग वाढलाय. हा नाही.”

बाईंनी खोडामागच्या माशाकडे बोट केलं.

“तुम्ही काचेवर टकटक केलीत. ती खूण निऑनना आठवते, याला नाही. याला हे घरच नवीन आहे. पोट गोल आहे आणि तुम्ही म्हणता, सकाळी खात नाही. भुकेला मासा रुसत नाही, चष्मेवाले. तुम्ही घालायच्या आधीच त्याचं पोट भरलेलं असतं. कधी पहाटेच्या खाण्यानं, कधी अंधारात सुस्तावलेल्या निऑननं. मोठा झालेला एंजल परक्या टाकीत सोडला, तर त्याला निऑन सोबती दिसत नाहीत, घास दिसतात. त्याला भूक आहे, वैर नाही.”

“पण मी ओळखला नसता का?”

“एरवी ओळखलाच असता. पण तुमचा डोळा नवा होता. भिंती बदलल्या, रंग बदलले, मासाही बदललेला दिसला. तुम्ही म्हणालात, ही ऑपरेशनची किमया. मासा बदलायला याहून सोयीचा आठवडा सापडला नसता.”

चष्मेवाले हळूहळू सुनेकडे वळले. “तू?”

“हो, बाबा.” तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. “मी आले तेव्हा पाणी बर्फासारखं झालं होतं. निऑन तग धरून होते. पतंग तळाशी आडवा पडला होता. मी कोमट पाणी घातलं, सगळं केलं. नाही वाचला.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“डोळ्यातून पाणी येता कामा नये, असं डॉक्टर म्हणाले होते. आईंचा पतंग गेला म्हटल्यावर तुम्ही रडल्याशिवाय राहिला असता का? मग आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. हा निऑन खातो हे कळल्यावर पहाटे उठून त्याचं पोट भरायला लागले. तरी थोडे गेलेच.”

बहिणीनं तेवढ्यात डाव साधला. “पण मुळात पाणी गार झालंच कसं? हीटर कोणी बंद केला?”

सुनेनं बाईंकडे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. बाई आता एका दमात सांगतील म्हणून ते सरसावून बसले.

“ते मला सापडलं नाही,” वकीलबाई म्हणाल्या.

मास्तर थक्क झाले. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी बायकोच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

“माझ्याच हातून झालं, बाबा,” सून घाईनं म्हणाली. “सकाळच्या गडबडीत.”

“तू पहाटेच गेलीस,” चष्मेवाले सावकाश म्हणाले. “तू गेल्यावर मी पाण्यात हात घातला होता. कोमट होतं.”

ते उठले. पाठ ताठ ठेवून गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी टाकीखाली हात घातला. बोटं एका पिनेवरून दुसरीवर गेली आणि रबरबँडच्या वेढ्यांवर थांबली.

“हा कोणी गुंडाळला?”

त्यांनी पुन्हा बोटानं वेढे चाचपले.

“डोळे असलेल्या माणसाला याचा काय उपयोग? तो वायर बघेल. हा हाताला कळावा म्हणून आहे.” त्यांचा आवाज खोल गेला. “ज्यांना कमी दिसतं त्यांना असल्या युक्त्या मी दुकानात सांगत आलो. जन्मभर सांगत आलो. आणि त्या सकाळी दोन्ही पिना मला सारख्याच काळ्या… उन्हात दिवा चालू की बंद तेही दिसत नव्हतं. मी हिचा पतंग…”

“बाबा, डोळा!” सून धावली. तिनं रुमाल पुढे केला.

“तू महिनाभर ऐकून घेतलंस. माझं, आत्याचं. बॅग भरलीस. पण मला हे कळू दिलं नाहीस.”

“तुम्हाला कळून काय मिळणार होतं, बाबा?”

चष्मेवाल्यांनी रुमाल घेतला आणि ते लहान मुलासारखे रडले. बहीण उठून उगाचच खिडकी बंद करू लागली. मास्तरांनी पिशवीत डोकं घातलं, कारण त्यांना स्वतःचा रुमाल सापडत नव्हता.

तेवढ्यात बेल वाजली.

चष्मेवाले कोणाचा हात न धरता उठले आणि त्यांनीच दार उघडलं. मुलगा दारातच थबकला. “बाबा, फोनवर म्हणालात दारातच काहीतरी सांगायचंय. काय झालं?”

“सांगायचंय ना. दुसऱ्या डोळ्याची तारीख घेऊन टाक. आणि त्या दिवशी तुझ्या बायकोला रजा काढू दे. टाकी तिच्या हवाली करून जाणार आहे मी.” ते नाक पुसत म्हणाले. “आणखी एक गोष्ट, छोटी टाकी आण. हा नवा पाहुणा निऑनमध्ये राहायच्या लायकीचा नाही, पण त्याला तरी कुठे टाकणार? पाळण्याशेजारी ठेवू.”

मुलगा बुचकळ्यात पडून बायकोकडे बघत राहिला. चष्मेवाले आत वळले आणि झाकणावरची सहीची पट्टी नखानं सोलू लागले.