आईच्या हातच्या कांड्या

"आधी हात धुवा! आणि गुंड्या, तोंड फ्रीजरमध्ये घालायचं नाही!" फौजदारनं हुकूम सोडला.

"मी फक्त वाफ बघतोय!" गुंड्या कुरकुरला.

मागच्या गॅलरीतल्या छोट्या फ्रीजरसमोर तिघं उभे होते. फौजदार बारा वर्षांची. घरात साधी सुई हरवली तरी सगळ्यांच्या उलटतपासण्या घ्यायची, म्हणून आईनंच तिला हे नाव ठेवलं होतं. गुंड्या तिचा धाकटा भाऊ. आणि तिसरा ढापण्या, सुट्टीला आलेला आतेभाऊ. त्याच्या चेहऱ्यावर चष्मा जास्त आणि चेहरा कमी होता. बाबा कामावर गेले होते आणि ढापण्याची आई, म्हणजे आत्या, आत घोरत होती.

आज आईचा वाढदिवस होता. आई गेल्या थंडीत वारली होती.

आई फळांच्या गारेगार, काडी खोचलेल्या कांड्या करायची. वरच्या मजल्यावरच्या शिंपीआजोबांना मधुमेह, आणि आइस्क्रीमवर तर त्यांचा जीव! डॉक्टर रागावले की आजोबा लहान मुलासारखे रुसून बसायचे. त्यांच्यासाठी म्हणून आईनं केळं आणि दही घुसळून बिनसाखरेची कांडी गोठवली. डॉक्टरांनी "अर्धी चालेल" म्हटलं, आणि मग हळूहळू अख्खी इमारतच आईच्या दारात उभी राहायला लागली. अंथरूण धरायच्या आधी आईनं शेवटचे साचे भरले होते. त्यांचा डबा अजून ह्या फ्रीजरमध्ये होता.

तो डबा कुणी उघडायचा नाही, असा फौजदारचा घरभर हुकूम होता. ती स्वतः रोज शाळेतून आली की त्या डब्यावर नुसता हात ठेवायची आणि हात बधिर झाला की फ्रीजरचं दार लावायची. आईनं केलेलं असं जगात एवढंच उरलं होतं. आज त्यातली एकच कांडी तिघांत खायची आणि बाकीच्या पुरवून पुरवून, वर्षाला एक, असं तिनं ठरवलं होतं.

तिनं झाकण काढलं आणि ती थबकली.

"काय झालं?" ढापण्यानं विचारलं.

"काड्या वाकड्या आहेत."

"मग? कांडी सरळ चाखायची!"

"गप रे! आई आधी रस अर्धा गोठू द्यायची आणि मग काडी खोचायची. म्हणून तिची काडी कधी कलायची नाही. ह्या सगळ्या एका बाजूला कलल्यात."

"मध्येच वितळून परत गोठल्या असतील," ढापण्या म्हणाला.

फौजदारनं एक साचा पाण्याखाली धरला आणि कांडी बाहेर काढली. "एकदा वीज गेली होती तेव्हा वितळल्या होत्या. मग वर नुसतं बर्फ आणि खाली चोथा झाला होता. आईनं सगळ्या फेकल्या, एकदा वितळलेलं खाल्लं की पोट बिघडतं म्हणून. ही बघ, वरपासून खालपर्यंत सारखी आहे. आणि किती गोरी! आई काळे डाग पडलेली, अगदी पिकून गेलेली केळी घ्यायची. तिची कांडी मातकट दिसायची."

"म्हणजे आईच्या कांड्या चोरून कुणीतरी दुसऱ्या ठेवल्या?" गुंड्याचे डोळे मोठे झाले. "पण डबा रिकामा करणारा चोर असतो. हा भरून ठेवणारा कुठला?"

तेवढ्यात ढापण्यानं कांडीला जीभ लावलीसुद्धा!

"अरे, पुरावा खायचा नसतो!"

"चाटला फक्त! पण फौजदार... हिच्यात साखर आहे. चांगली मूठभर!"

फौजदारनं चाखून पाहिलं. खरंच साखर होती. ही आईची कांडी नव्हती. मग आईच्या कुठे गेल्या? तिला तिथंच भोकाड पसरावंसं वाटलं, पण गुंड्या तिच्याकडे बघत होता, म्हणून तिनं ओठ दाबून धरले.

"आता सगळ्यांना विचारायचं?" गुंड्या म्हणाला.

"विचारलं तर मोठी माणसं 'मला काय माहीत' म्हणतात," ती म्हणाली. "न विचारता काढून घ्यायचं. ज्यानं साखर घातली, त्यालाच ती माहीत असणार. तुम्ही दोघं फक्त गप्प बसा. जमेल?"

"प्रयत्न करू," ढापण्या म्हणाला.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा फौजदार अगदी सहज बोलल्यासारखं म्हणाली, "आत्या, आज आईचा वाढदिवस ना? जेवण झालं की शिंपीआजोबांना तिच्या दोन कांड्या देऊन येते. साखर नसतेच त्यांच्यात, खाऊ देत पोटभर!"

"दे की गं! किती आठवण काढतात बिचारे," आत्या म्हणाली.

बाबांचा घास हातातच राहिला.

"नको," ते म्हणाले. "आजोबांना नको देऊस."

"का, बाबा?"

बाबांनी ताटाकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती टक लावून बघत होती. आजोबांच्या जिवाशी खेळ होता, तिथं खोटं बोलण्याची सोय नव्हती.

"त्यांच्यात साखर आहे," ते हळूच म्हणाले. "मी घातलीय."

ढापण्यानं गुंड्याला कोपर मारलं, पण हसलं कुणीच नाही.

"आई गेली त्या दिवशी सगळ्यांना कळवायचं होतं," बाबा म्हणाले. "फोन बंद पडत होता. मी फ्रीजरची पिन काढली आणि तिथं फोन चार्जिंगला लावला. परत पिन लावायचं डोक्यातच आलं नाही. लक्षात आलं तेव्हा सगळं पाणी होऊन आंबलं होतं. घरात एवढी माणसं आणि वेंधळा मी! तू म्हणाली होतीस, आईच्या कांड्यांना हात लावायचा नाही. तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? तू शाळेत असताना साचे धुतले, बाजारातून चांगली पिवळीधमक केळी आणली. कांड्या गोडच होईनात, म्हणून साखर घातली."

"मी रोज त्या डब्यावर हात ठेवत होते, बाबा!" फौजदार ओरडली. "रोज! आणि आत आईचं काहीच नव्हतं!"

"माहीत आहे. मला कामावर सुट्टी असली की मी दारातून बघायचो. म्हणून तर आणखीच सांगवेना."

"आणि आईच्या? मोरीत ओतल्या?"

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"ओतायला गेलो होतो. हात धजेना. मग प्यायलो."

"अरे देवा!" आत्या म्हणाली. "म्हणून तू पोट धरून पडला होतास! आम्हाला वाटलं, दुःखानं अन्न जात नाहीये."

"खूप आंबट होतं?" गुंड्यानं विचारलं.

"खूप."

"तरी सगळं प्यायलात?"

"आईनं केलं होतं ना रे," बाबा म्हणाले.

आत्यानं डोळे पुसले आणि फौजदारच्या पाठीवरून हात फिरवला. "पण पोरीची हुशारी बघा! एका वाकड्या काडीवरून कुठवर पोचली! अगदी आईच्या वळणावर गेलीय."

"खरंच," बाबा म्हणाले. "आजोबांचं नाव काढून मला बरोबर अडकवलंस. शाब्बास, फौजदार."

"मला शाब्बास नकोय!" फौजदारचा आवाज फुटला. "मला आई हवीय!"

"मलाही," बाबा म्हणाले.

आणि आजवर कुणासमोर न रडलेले बाबा, हात उष्टा तसाच ठेवून, मुलांसारखे मोठ्यानं रडायला लागले. गुंड्या घाबरून आत्याला चिकटला. फौजदारला अजून कितीतरी विचारायचं होतं आणि तिचा राग तर तसाच होता. पण तिनं काही विचारलं नाही. ती उठली, आपलं ताट उचलून बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि त्यांना खेटून बसली.