कुहीच्या लग्नाला निघालेला ट्रक

त्र्याहत्तर सालच्या मे महिन्यात मी एका जुन्या मिलिटरी ट्रकमध्ये एअरकंडिशन बसवलं. माझ्या धंद्यातलं ते सगळ्यात वेडं काम होतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात आनंदाचंही.

गांधीबागेच्या मागं माझं दुकान होतं. बर्फाच्या कारखान्यातली मशीनं, थिएटरांचे प्लँट, डॉक्टरांचे फ्रिज, असली कामं मी करत असे. थर्मामीटर दाखवील तेवढंच खरं, असा माझा स्वभाव. भैयाजी मला ओळखत होते ते त्याच मोहल्ल्यात कापडाच्या गाठी वाहायचा त्यांचा धंदा होता म्हणून. एका सकाळी दुकानासमोर मोठमोठ्यानं हॉर्न वाजला. बाहेर आलो तर भैयाजी एका हिरव्या ट्रकमधून उडी मारून उतरत होते. कामठीच्या छावणीतल्या मिलिटरीच्या लिलावात घेतलेला.

"मधुसूदन, याच्यात थंडी बसव."

"कशात?"

"ट्रकात गा! मागं, जिथं मानसं बसतात तिथं."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांच्या मुलीचं, शामलाचं लग्न वीस दिवसांवर आलं होतं, कुहीला, त्यांच्या गावच्या घरी. आणि भैयाजींची थोरली बहीण अंजनाबाई शहरातल्या महाल मोहल्ल्यात एकटी राहत होती. आई गेल्यावर तिनंच या भावाला वाढवलं. मागच्या उन्हाळ्यात तिला ऊन लागलं, आठ दिवस बर्फाच्या लाद्यांवर काढले. पुन्हा असं झालं तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"पहाटे नेऊ या की त्यांना," मी म्हणालो.

"पहाटे नेलं, मंग दिवसभर? कुहीचं घर टिनाचं हाय. मांडवात त पापड भाजते." त्यांनी ट्रकच्या फळीवर हात ठेवला. "बाई तिथं नसन, त मी पोरीचं लग्न लावत नाई. तारीख पुढं ढकलीन. पावनं रुसले त रुसू दे."

मग मी काम घेतलं.

एका भंगारातल्या विलायती मोटारीचा कॉम्प्रेसर मिळाला. तो मी इंजिनाशेजारी बसवला आणि बेल्टनं इंजिनाला जोडला. म्हणजे हिशेब सरळ होता. इंजिन चालू असेल तर मागं थंडी, इंजिन बंद तर थंडी बंद. मागच्या हौद्याला आम्ही आतून थर्मोकोल आणि प्लायवूड लावलं, वर छत टाकलं, मागं घट्ट बसणारं दार केलं. दोन्ही बाजूंच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या. हत्यारांच्या पेटीत तळाशी जाडजूड लोखंडी साखळ्या सापडल्या. सुताराला त्या कशाच्या ते कळेना. मला माहीत होतं. बर्फातून जाताना चाकांना बांधतात त्या.

पहिली गोष्ट तेव्हाच खटकली होती, पण मी ती मनावर घेतली नाही. दुपारी बाहेर ठेवलेला पाना हातात धरवत नसे. ट्रकमध्ये ठेवलेला पाना मात्र माठाच्या बुडासारखा गार लागायचा. तेव्हा कॉम्प्रेसरमध्ये गॅससुद्धा भरला नव्हता.

थर्मोकोलचा गुण, असं मी स्वतःला सांगितलं.

लग्नाच्या तीन दिवस आधी चाचणी घेतली. बाहेर शेहेचाळीस. इंजिन चालू करून अर्ध्या तासानं दार उघडलं तर आत अठ्ठावीस. भैयाजींनी मला उचलून गरागरा फिरवलं. समोरच्या हलवायाकडून जिलबी आली, रस्त्यावरची माणसं रांगेनं आत बसून बाहेर यायला लागली. सायकलरिक्षावाले, हमाल, सगळे. एकजण तर आत बसून झोपूनच गेला. इतका हसलो होतो त्या दिवशी की पोट दुखलं.

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर मी इंजिन बंद केलं आणि थर्मामीटर काढायला आत गेलो. सव्वीस होते. सामान आवरून पुन्हा पाहिलं, तर चोवीस. तासाभरानं एकोणीस.

थर्मामीटर बिघडला असणार. बर्फाच्या कारखान्यातून दुसरा आणला. त्यानं सतरा दाखवले.

दार बंद करून मी बाहेर उभा राहिलो तेव्हा आतून आवाज आला. धप धप, धप धप. जड बुटांनी माणसं जागच्या जागी पाय आपटतात तसा. मी दार उघडलं. रिकामे बाक, नव्या गाद्या. आवाज थांबला होता.

दुसऱ्या दिवशी भैयाजींना सांगितलं, "इंजिन बंद असतानाही हे गार होऊन राहिलं."

"मंग त चांगलंच हाय गा! काहून तोंड पाडून राहिला?"

मी थर्मामीटर खिशात टाकला आणि उरलेल्या कामाला लागलो.

लग्नाच्या दिवशी पहाटे निघायचं ठरलं होतं. पण बेल्ट सरळ बसेना, कॉम्प्रेसर धरणारा लोखंडी कंस सरकवावा लागला, आणि निघायला अकरा वाजले. अंजनाबाई कोऱ्या इरकली लुगड्यात, लहानशी, ताठ, डोळे नुसते चमकत होते. भैयाजींची बायको मनकर्णा आणि नात्यातल्या सहा बायका तिच्याबरोबर मागं चढल्या. भैयाजी गाडी चालवत होते, मी त्यांच्या बाजूला. उमरेड रोडला लागलो तशी मागून लग्नाची गाणी सुरू झाली. आम्ही दोघं घामानं निथळत होतो, आणि भैयाजी मात्र स्टिअरिंगवर ठेका धरून मागल्या गाण्यात आपलाही सूर मिसळत होते.

पाचगावच्या पुढं फट्‌कन आवाज झाला. गाडी थांबवून बॉनेट उघडलं. कॉम्प्रेसरचा बेल्ट तुटला होता. मी जादा बेल्ट आणला होता, पण सकाळी कंस सरकवल्यामुळं तो आता तोकडा पडत होता. चूक माझी होती. दुपारचा एक वाजत आला होता, आसपास झाड नव्हतं, आणि बंद पेटीत एक बाई होती जिला ऊन म्हणजे मरण होतं.

भैयाजींचा चेहरा पांढरा पडला. मी मागं धावलो, दार उघडलं.

थंडीचा लोट तोंडावर आला.

आत गाणं चालू होतं. गाणाऱ्या बायकांच्या तोंडातून वाफ निघत होती. मनकर्णाबाईंनी पदर गच्च लपेटून घेतला होता आणि त्या हसून म्हणाल्या, "मधुसूदनभाऊ, थोडी कमी करा वो मशीन, दात वाजून राहिले!"

मशीन बंद होतं.

आठही बायका एकाच बाकावर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. समोरचा बाक पूर्ण रिकामा. अंजनाबाईच्या अंगावर एक जाड, खरबरीत, हिरवट घोंगडी होती. ट्रकमध्ये मी घोंगडी ठेवलेली नव्हती.

"बाई, तिकडं ऐसपैस बसा ना," मी म्हणालो. 

अंजनाबाईनं समोरच्या बाकाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "तिकडं जागा नाई गा," ती म्हणाली, अगदी सहज. "तू दार लाव. गानं अर्धं राह्यलं."

मी दार लावलं. गाणं पुन्हा उचललं गेलं, आणि टाळ्यांचा ठेकाही.

ठेका रिकाम्या बाकाच्या बाजूनं येत होता.

मी पुढं येऊन भैयाजींच्या बाजूला बसलो आणि गाडी कुहीच्या वाटेला लागली. त्यांनी विचारलं, "बाई ठीक हाय?" मी मान हलवली. ती खरोखरच ठीक होती. तसं सुख मी कुणाच्या चेहऱ्यावर क्वचितच पाहिलं असेल.

लग्न थाटात झालं. दुपारभर ट्रक मांडवाच्या कडेला उभा होता, इंजिन बंद, आणि अंजनाबाई आत. जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा तिनं स्वतःचं ताट मागवलं आणि आणखी सहा मागवली. वाढप्यांना वाटलं, बायका आत बसल्यात. बायका तर मांडवात होत्या. ताटं परत आली ती स्वच्छ होती, भाताचं शीतसुद्धा उरलं नव्हतं. ऊन उतरल्यावर ती खाली आली, भावाचा हात धरून मांडवात उभी राहिली, आणि शामलावर अक्षता टाकताना इतकी मोकळी रडली-हसली की सगळा मांडव तिच्याबरोबर रडला-हसला. भैयाजींनी मला मिठी मारली. मीही रडलो. कशासाठी ते नीट सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला महालात परत आणलं. तिनं दाराचं कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि पायरीवरून वळून रिकाम्या ट्रकाकडं पाहिलं.

"या गा समदे," ती म्हणाली. "घर मोठं हाय. मी एकटीच असतो."

ती बराच वेळ दार धरून उभी राहिली. मग आत गेली.

त्या दुपारी मी नवा बेल्ट बसवायला ट्रकमध्ये शिरलो तर आत भट्टी होती. थर्मामीटर पन्नासला टेकला होता. पुढं मशीन चालवून अठ्ठावीस मिळायचे, इंजिन बंद केलं की तापायचं. जसं व्हायला हवं तसं. भैयाजी म्हणाले, तुझ्या मशीनमध्ये पहिल्यासारखी जान नाही राहिली.

अंजनाबाईची तब्येत मात्र सुधारली. शेजारचे सांगायचे, बाई आता दोन्ही वेळ भरपूर स्वयंपाक करते, गाणी म्हणते, कुणाशी तरी हसते.

पुढच्या मे महिन्यात माझं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला मी भर दुपारी महालात गेलो. दार आतून बंद होतं. मी हाक मारली. आत कडी सरकली आणि दार वीतभर उघडलं. दारामागं कुणी नव्हतं.

"कवाचा आला गा?"

आवाज माझ्या पाठीमागून आला. अंजनाबाई शेजारच्या घरातून ताकानं भरलेला पितळी गंज घेऊन येत होती.

"दार आतून उघडलं," मी म्हणालो.

"उघडलं ना? मंग आत जा. लाजते काहून?" ती हसत माझ्या बाजूनं आत गेली. "लग्न ठरलं म्हन्ते तुहं? सांगतो मी सगळ्यायले. लावून घे दार, ऊन येते."

दार लावायला मी कडीला हात घातला. गल्लीत लाहीलाही होत होती. माझी बोटं लोखंडाला चिकटली, आणि ओढून सोडवली तेव्हा थोडी कातडी कडीवरच राहिली.