चौतीस, पाय न धरता

"पोट नाही, मांड्या दमवतेयस तू."

मुलुंडच्या बागेत, बाकाखाली पावलं अडकवून मनालीच्या चाळीस सिट-अप्स झाल्या होत्या. एकेचाळिसावी अर्ध्यावर टाकून तिनं वळून पाहिलं. मागे एक तरुण उभा होता. त्याचे घामानं कपाळाला चिकटलेले केस आणि... डोळे बरे होते. त्याचाच जास्त राग आला.

"तुला कोणी विचारलं?"

"कोणीच नाही. मी सम्यक. फिजिओथेरपी शिकतोय, राहवलं नाही." तो गवतावर टेकला. "खांदे उचलले जातात तोवर पोट राबतं. पुढे पाय अडकलेले असले, की कमरेपासून मांडीत उतरणारे स्नायूच धड ओढून नेतात. पाय मोकळे ठेव, श्वास सोडत सावकाश ये."

"रविवारी जिममध्ये चाचणी आहे. पन्नास झाल्या तर बायकांची बॅच मला शिकवायला मिळेल. सावकाश काय सांगतोस?"

पण केलं तिनं. सहाव्यालाच बेंबीभोवती कुणीतरी गाठ आवळल्यासारखं झालं.

"वाट लागली ना?"

"हसू नकोस रे!"

मग रोज सकाळी ती यायची. तोही. तो मोजायचा, मोजता मोजता तिच्याकडे बघत राहायचा...

"पुन्हा अठरा?"

"सॉरी — एकोणीस."

शनिवारपर्यंत तीस झाल्या.

रविवारी जिमचे मालक हर्षद सर घड्याळ घेऊन उभे राहिले. सोबत आलेल्या सम्यकला म्हणाले, "ए, पाय धर तिचे. बायकांचे धरावेच लागतात."

सम्यक वाकला. हळूच म्हणाला, "धरू? पन्नास होतील. बॅच मिळेल."

"हात लावून तर बघ!"

पस्तिसाव्याला पाठ जमिनीवरून सुटेना. पोट थरथरत होतं.

"चौतीस," सर म्हणाले. "नाही जमलं."

मनाली उठली. "पोटाच्या जोरावर काढल्यात सर. तुमची पोरंही पाय अडकवूनच काढतात; मोकळे ठेवायला सांगा, बघा किती होतात ते. बॅच ठेवा तुमच्याकडे. माझी उद्यापासून बागेत, सकाळी सहाला!"

सम्यकनं तिला रस्त्यावर गाठलं. "माझं नाव लिही बॅचमध्ये."

"पुरुषांना बंदी आहे."

"मग... तुला भेटायचं कधी?"

"संध्याकाळी. पण स्नायूंबद्दल एक अक्षर काढलंस, तर उठून जाईन."

रिक्षा गेली, बस गेली.

"तू आवडतेस मला," शेवटी तो म्हणाला.

"हां," ती म्हणाली, "हे बोललास तर चालेल."