एक्केचाळीस टक्के

आमच्या बाहेरच्या खोलीत एक काळं खोकं दिवसरात्र घुमत असे. जगभरातले हौशी लोक आपापल्या संगणकावर एकेक अवाढव्य संख्या तपासतात, ती मूळ संख्या आहे का ते बघायला. नवऱ्याच्या वाट्याला आलेल्या संख्येत कोट्यवधी अंक होते. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. मला आकड्यांचं कौतुक नाही, आणि त्या खोक्याचा तर रागच होता. सवत परवडली, ती निदान झोपते तरी.

काम किती टक्के झालं ते पडद्यावर दिसे. मध्येच वीज गेली तर पहिल्यापासून सुरुवात नको, म्हणून नवरा अधूनमधून झालेल्या कामाची प्रत जपून ठेवी. सगळ्यात जुनी प्रत एक्केचाळीस टक्क्यांची. त्या दिवशी खोक्यातला पंखा साफ करताना त्याचा अंगठा कापला होता. बहात्तर टक्क्यांवर सासूबाई गेल्या.

त्या दुपारी आतल्या खोलीतून त्यांनी छातीत दुखण्यावरच्या गोळीसाठी मला दोनदा हाक मारली होती. सकाळीच त्यांनी माझ्या आईबापांचा उद्धार केला होता. मी ओट्याशी उभी राहून ऐकलं आणि जागची हलले नाही. हे कुणालाच माहीत नाही.

रविवारी सकाळी नव्याण्णव टक्के झाले.

"आई असती तर हरखली असती," नवरा म्हणाला. "तुझं काय, छातीत दगडच आहे."

माझं डोकं फिरलं. तो केस कापायला गेल्यावर मी ती जुनी प्रत चालू केली आणि बाकीच्या पुसून टाकल्या. पडद्यावर एक्केचाळीस आलं. त्याचं दोन महिन्यांचं काम पाण्यात. मला फार बरं वाटलं.

तासाभराने मी भांडी घासत असताना तो बाहेरच्या खोलीतून आत आला. केस तसेच वाढलेले. अंगठ्यातून रक्त गळत होतं.

"पंख्याचं पातं लागलं," तो म्हणाला.

मी अंगठा धुतला. जुना व्रण कुठेच नव्हता.

"भांडी आपटू नकोस. आत्ताच तिचा डोळा लागलाय."

"कुणाचा?"

त्याने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

मी जाऊन खोक्याची वायर उपटली. पंखा फिरतच राहिला.

"सूनबाई."

आतल्या खोलीतून. नेहमीसारखा चिडका आवाज नव्हता.

मी हलले नाही.

दुसरी हाक आली. मी दारापर्यंत गेले. आम्ही देऊन टाकलेली गादी पलंगावर होती. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"ह्या वेळी," त्या म्हणाल्या, "गोळी उशाशीच ठेवून जा."